वाळूवरची बाग आणि दोन चाकांची फेरी

लहानपणी तुम्ही तळहातावर काठी उभी करून तोलली असेल. काठी पुढे कलली की हात झटकन पुढे न्यायचा, मागे कलली की मागे घ्यायचा. हात काठीच्या बुडाखाली राहिला तर काठी पडत नाही. आता अशी कल्पना करा की ती काठी म्हणजे तुम्ही स्वतः आहात आणि तळहाताच्या जागी दोन चाके आहेत. चाके सायकलसारखी एकामागे एक नाहीत, बैलगाडीसारखी शेजारी-शेजारी आहेत. मधल्या फळीवर तुम्ही उभे, हातात एक उभा दांडा. तुम्ही पुढे कललात की चाके तुमच्या पायाखाली राहण्यासाठी पुढे धावतात, आणि ताठ उभे राहिलात की थांबतात. आतल्या यंत्राला तुमचा कल क्षणोक्षणी कळत असतो. सेगवे नावाचे वाहन ते हेच. अशा वाहनावरून मी एकदा पाच किलोमीटर लांबीच्या एका बागेतून समुद्रापर्यंत गेलो, त्याची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे. हकीकत वाहनाची कमी आणि बागेची जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

२०१८ सालच्या मे महिन्यात मी आणि माझी थोरली बहीण असे दोघे कॅलिफोर्नियात गेलो होतो. तिचा मुलगा तिकडे नोकरीला आहे. एकटीने एवढा प्रवास करायला आक्का धजेना, म्हणून सोबतीला मी. आम्ही दोघेही शिक्षक. ती मराठी शाळेत, मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. तेव्हा मेची सुट्टी दोघांनाही होती. अडचण एकच होती. आक्काचे दोन्ही गुडघे गेलेले. उभी राहील तासन् तास, कारण तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहण्याची सवय, पण चालायचे म्हटले की शंभर पावलांवर बसायला दगड शोधायची. भाच्याने सॅन फ्रान्सिस्कोची सहल ठरवली तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही दोघं जा. मी घरी पोळ्या करून ठेवते." भाच्याने त्यावर काही उत्तर दिले नाही. त्याने आधीच तिघांची नावे त्या फेरीला नोंदवून टाकली होती.

मी मनातून नाराज होतो. चालणे हा माझा अभिमानाचा विषय. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो की, भूगोल तळपायांनी शिकायचा असतो. आणि येथे यंत्रावर उभे राहून निसर्ग पाहायचा! पण आक्कासाठी म्हणून गेलो.

त्या बागेचे नाव गोल्डन गेट पार्क. शहराच्या मधल्या भागातून निघून ती थेट पॅसिफिक महासागराच्या काठापर्यंत गेली आहे. लांबी सुमारे पाच किलोमीटर, रुंदी त्या मानाने थोडी, साधारण पाऊण किलोमीटर. क्षेत्र १०१७ एकर. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे नाव आपण ऐकतो, ही बाग त्याहूनही मोठी. त्या दिवशी रविवार होता. बागेतल्या मुख्य रस्त्याच्या पूर्वेकडच्या भागात १९६७ पासून रविवारी मोटारी बंद असत, त्यामुळे रस्ता मोकळा होता. (२०२२ पासून तर तेथे मोटारींना कायमचीच मनाई झाली आहे.)

आमची वाटाडी एक तरुण मुलगी होती. तिने आम्हा आठ जणांना शिरस्त्राणे दिली आणि अर्धा तास मोकळ्या जागेत सराव करून घेतला. मी पहिल्याच फेरीत पडलो. दोष माझाच. घाबरून मी दांडा स्वतःकडे ओढला, वाहन मागे सरकू लागले, मी उडी मारली आणि हिरवळीवर बसलो. भाचा धावत आला. "मामा, ओढू नका. नुसतं उभं राहा." आणि आक्का? ती माझ्याभोवती सावकाश एक वळसा घालून थांबली आणि म्हणाली, "अरे, वर्गात उभा राहतोस तसा उभा राहा की!" तीस वर्षांच्या उभे राहण्याचा असा उपयोग होईल हे तिलाही ठाऊक नव्हते.

या वाहनाचा जन्म कसा झाला, हे मला नंतर वाचायला मिळाले. डीन केमेन नावाच्या अमेरिकन संशोधकाने आधी एक चाकांची खुर्ची बनवली होती. पायांनी अधू माणसाला ती दोन चाकांवर उंच करून इतरांच्या नजरेला नजर देता येईल अशी उभी करी आणि जिनाही चढवी. तोल सांभाळण्याची तीच युक्ती पुढे सेगवेत आली. म्हणजे आक्कासारख्यांचा विचार त्या यंत्राच्या वंशावळीतच होता म्हणा ना! डिसेंबर २००१ मध्ये सेगवे जगापुढे आले तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता. मोटारीने घोडागाडीचे जे केले तेच हे मोटारीचे करील, असे भाकीत खुद्द केमेनसाहेबांनी वर्तवले होते. प्रत्यक्षात २००२ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को शहरानेच पदपथांवर त्याला बंदी घातली. पाच हजार डॉलरांच्या आसपास किंमत, सुमारे सत्तेचाळीस किलो वजन. ते घेऊन माणूस जाणार कोठे? पोलीस, गोदामांतले पहारेकरी आणि आमच्यासारखे हौशी प्रवासी एवढेच त्याचे गिऱ्हाईक उरले. जुलै २०२० मध्ये ते बनवणेच बंद झाले. एकोणीस वर्षांत सारी मिळून सुमारे एक लाख चाळीस हजार वाहने खपली.

असो. आपण बागेत जाऊ.

फेरीचा पहिला थांबा म्हणजे 'कॉन्झर्वेटरी ऑफ फ्लॉवर्स', फुलांचे काचघर. लाकडी सांगाडा, त्यावर पांढरा रंग आणि हजारो काचा. १८७९ साली ते लोकांसाठी उघडले. उष्ण प्रदेशातल्या झाडांना थंड शहरात वाढवण्यासाठी ते बांधलेले. १९९५ च्या डिसेंबरातल्या वादळात त्याच्या पुष्कळ काचा फुटल्या, झाडे गेली, आणि दुरुस्ती होऊन ते पुन्हा उघडायला २००३ साल उजाडले. आत जायला वेळ नव्हता. बाहेरच्या फुलांच्या ताटव्यांपाशी आम्ही उभे होतो. सगळीकडे हिरवेगार. मागे उंच झाडी, पुढे लॉन. कुणी म्हटले, "शहर होण्याआधी हे सारं रान असंच असेल, नाही?"

वाटाडी हसली. ती म्हणाली, "शहर होण्याआधी इथं एकही मोठं झाड नव्हतं. तुम्ही उभे आहात त्याच्या पश्चिमेला नुसती वाळू होती."

मंडळी, मी वीस वर्षे मुलांना वाळूच्या टेकड्या शिकवतो आहे. समुद्रावरून वारा येतो, कोरडी वाळू उचलतो, अडथळा आला की टाकतो, टेकडी होते, आणि टेकडीसुद्धा वाऱ्याबरोबर आत सरकत राहते. फळ्यावर खडूने मी ती आकृती कितीदा काढली असेल! आणि त्याच टेकड्यांवर मी उभा होतो, आणि मला ते कळलेही नव्हते. भूगोलाच्या अध्यापकाला याहून मोठी चपराक कोणती?

ही वाळू कशी बांधली ते ऐका. १८६० च्या दशकात शहराला मोठी बाग हवी झाली. सेंट्रल पार्कचे शिल्पकार ओल्मस्टेड यांना विचारले, तर त्यांनी या वाळवंटात बाग करू नका असाच सल्ला दिला. पण शहराने जागा हीच धरली, आणि १८७० साली विल्यम हॅमंड हॉल नावाच्या तरुण इंजिनिअराने तिची मोजणी सुरू केली. त्या वेळी त्याचे वय पंचविशीच्या आतबाहेर. त्याने वाळूवर ल्युपिन नावाच्या झुडपाचे बी पेरून पाहिले. ल्युपिन आपल्या तागासारखे शेंगावर्गातले, वाळूत तगणारे. पण ते रुजून मुळे धरेपर्यंत वाळूच सरकून जाई, आणि बी उघडे पडे. मग म्हणे एकदा घोड्याच्या तोबऱ्यातले भिजवलेले जव, म्हणजे आपले सातू, वाळूवर सांडले. चार-आठ दिवसांत त्याला हिरवे कोंब आले. हॉलच्या ध्यानात आले की जव लवकर उगवतो. तो काही वर्षानुवर्षे टिकत नाही, एका हंगामात मरतो. पण तेवढ्या काळात वाळू जागच्या जागी राहते, आणि त्याच्या आडोशाला ल्युपिन मूळ धरते. मग त्याने जव आणि ल्युपिन एकत्र पेरले. समुद्राच्या बाजूला युरोपातले वाळूगवत लावले. शहरातल्या रस्त्यांवरची घोड्यांची लीद गाड्या भरभरून आणून पसरली. मग झाडे आली. ऑस्ट्रेलियातली नीलगिरी, जवळच्याच मॉन्टेरे भागातले सायप्रस आणि पाइन. ज्या ओल्मस्टेडांनी नको म्हटले होते त्यांनीच पुढे हॉलचे अभिनंदन केले.

हॉलच्या मागून जॉन मॅक्लारेन आला. हा स्कॉटलंडचा माळी. पुढे तो या बागेचा अधीक्षक झाला, आणि १९४३ साली मरेपर्यंत त्याच जागेवर राहिला. वय वर्षे शहाण्णव! त्याला बागेत पुतळे मुळीच खपत नसत. कुणी पुतळा बसवलाच, तर हा त्याच्यासमोर भराभरा झाडे लावी आणि पाच-सहा वर्षांत पुतळा दिसेनासा होई. आता त्याचाच पुतळा तेथे ऱ्होडोडेंड्रॉनच्या ताटव्यात उभा आहे, हातातल्या पाइनच्या फळाकडे बघत. आम्ही गेलो तेव्हा ती फुले अजून झाडांवर होती. आक्का म्हणाली, "याला कुणी झाकून टाकला नाही हे नशीब."

पुढे स्टो लेक. २०२४ पासून त्याचे नाव ब्लू हेरन लेक झाले आहे. तळेही माणसानेच खोदलेले. त्यापुढे कुंपणातले गवे, म्हणजे अमेरिकेतले बायसन. एव्हाना वाहन माझ्या अंगवळणी पडले होते. अगदी खरे सांगायचे तर आवडू लागले होते. पेट्रोलचा वास नाही, आवाज नाही, नीलगिरीच्या पानांची सळसळ ऐकू येते. आणि माझ्या पुढे आक्का, पदर कमरेला घट्ट खोचून, ताठ उभी, वाऱ्यासारखी चाललेली. तिला अशी माझ्यापुढे जाताना मी किती वर्षांनी पाहत होतो! लहानपणी शाळेला जाताना ती नेहमी पुढे असे आणि मी मागून रडत धावत असे. त्या वाहनाबद्दल माझ्या मनात जी काही तुच्छता होती ती तेथे, त्या गव्यांच्या कुंपणापाशी गळून पडली.

बाग संपते तेथे दोन पवनचक्क्या आहेत. उत्तरेची डच पवनचक्की १९०३ ची, दक्षिणेची मर्फी १९०८ ची. शोभेच्या वाटतात, पण त्या कामाच्या होत्या. वाळूखालचे गोडे पाणी उपसून रोज लाखो गॅलन बागेला पुरवत. पुढे विजेचे पंप आले आणि त्या थांबल्या. गंमत अशी की, ज्या समुद्रवाऱ्याने वाळू उडवून बाग होऊ दिली नसती, त्याच वाऱ्याकडून बागेला पाणी काढून घेतले.

पवनचक्कीपलीकडे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे समुद्र. धुके इतके होते की लाटांचा आवाज आधी आला, लाटा मागून दिसल्या. तिकडचा समुद्र थंड प्रवाहाचा. आतला प्रदेश उन्हाने तापला की थंड समुद्रावरची दमट हवा आत ओढली जाते आणि तिचे धुके होते. ऐन मेमध्ये आम्ही कुडकुडत होतो. आक्का वाहनावरून उतरली आणि वाळूच्या कडेला वाकून काहीतरी शोधू लागली. मी विचारले, "काय हरवलं?"

ती म्हणाली, "मर्यादवेल बघते आहे. वाळू आहे, समुद्र आहे. मग मर्यादवेल कुठं आहे?"

आमचे गाव दापोली तालुक्यात समुद्राकाठी आहे. कोकणातल्या लोकांना मर्यादवेल सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. भरतीची रेघ जेथे संपते तेथून पुढे वाळूवर ही वेल पसरते. जाड, दुभंगलेली पाने, जांभळी फुले, आणि हात-हातभर अंतरावर वाळूत गेलेली मुळे. समुद्राची मर्यादा येथे संपली असे सांगणारी, म्हणून मर्यादवेल. वाळू बांधून ठेवण्याचे काम ती कुणी न सांगता करते.

मर्यादवेल तेथे नसणारच, ती उष्ण समुद्रकाठची. पण आक्काचा प्रश्न मी वाटाडीला समजावून सांगितला: बाग होण्याआधी या वाळूवर काहीच नव्हते का? त्यावर ती क्षणभर थांबली. मग तिने जे सांगितले ते मी विसरू शकत नाही.

मोठी झाडे नव्हती, पण वाळू मोकळी नव्हती. टेकड्यांच्या आडोशाला बुटकी झुडपे होती, रानटी ल्युपिन होते, शेंगावर्गातली आणखी एक वनस्पती होती, आणि त्यांच्यावर जगणारे एक छोटे निळे फुलपाखरू होते. 'झर्सीस ब्लू' त्याचे नाव. ते फक्त या सॅन फ्रान्सिस्कोच्या वाळूवरच राहत असे, जगात इतरत्र नव्हे. बाग झाली, आणि तिच्या दोन्ही अंगांना टेकड्या सपाट करून हजारो घरे झाली. वाळू गेली, झुडपे गेली, आणि १९४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ते फुलपाखरू शेवटचे दिसले. शहराच्या वाढीमुळे नाहीसे झालेले अमेरिकेतले ते पहिले फुलपाखरू मानतात. आता ते संग्रहालयांतल्या पेट्यांत टाचण्यांना टोचलेले आहे. १९७१ साली अमेरिकेत किडामुंग्यांच्या रक्षणासाठी एक संस्था निघाली, तिने नाव घेतले तेच: झर्सीस.

परतताना कुणी फारसे बोलले नाही. तीच झाडे, तोच रस्ता, पण मघाशी जे 'रान' वाटले होते ते आता मला माणसाच्या हाताने विणलेल्या चटईसारखे दिसू लागले. चटई सुंदर आहे, यात शंका नाही. १९०६ च्या भूकंपात शहर जळाले तेव्हा हजारो बेघर लोकांनी याच बागेत तंबू ठोकून आसरा घेतला. आजही लक्षावधी लोक तेथे श्वास घेतात. तिला मी नावे ठेवणार नाही. पण चटईखाली काय झाकले गेले ते माहीत असावे, एवढेच.

दुसऱ्या दिवशी मी याच बागेतल्या वनस्पति-उद्यानात गेलो. ते पंचावन्न एकरांचे आहे आणि १९४० साली उघडले. मी पायी हिंडायचे ठरवले. आक्का दारापाशी बाकावर बसली. आत हिमालयातल्या चाफ्याच्या कुळीचे एक झाड आहे, मॅग्नोलिया कॅम्बेली. दार्जिलिंगकडचे हे झाड. अमेरिकेत ते पहिल्यांदा फुलले ते येथे, १९४० साली. त्याचा बहर हिवाळ्याच्या अखेरीस असतो, म्हणून मला नुसती पानेच पाहायला मिळाली. तीन तास हिंडून परत आलो, तर आक्का विचारते, "काय काय पाहिलंस? सगळं सांग." मी सांगत बसलो. तेव्हा वाटले, आदल्या दिवशी तिने स्वतः पाहिले होते आणि आज तिला माझ्या डोळ्यांनी पाहावे लागते आहे. चालण्याचा अभिमान मिरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे. जो माणूस चालू शकत नाही, त्याच्यासाठी बागेची वाट कशी असावी याचा विचार आपण आपल्याकडे फारच कमी करतो.

सेगवेचे कारखान्यातले उत्पादन बंद झाल्याची बातमी मी वाचली तेव्हा मला हॉलचा जव आठवला. जव एका हंगामाचा. तो मेला म्हणून त्याने काही केले नाही असे कुणी म्हणणार नाही. ते वाहन मोटारीची जागा घेऊ शकले नाही. पण एका सकाळी त्याने माझ्या बहिणीला समुद्रापर्यंत नेले, आणि स्वतःच्या तोलाने उभी राहणारी यंत्रे बनवता येतात हे दाखवून दिले. पुढचे रोप कोणते रुजेल ते रुजेल.

वाळूचीही एक बातमी सांगतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच समुद्रकाठचा मोटारींचा मोठा रस्ता लोकमतानुसार बंद होऊन तेथे चालणाऱ्यांसाठी नवे उद्यान झाले. त्याचे नाव 'सनसेट ड्यून्स', मावळतीच्या वाळूच्या टेकड्या. दीडशे वर्षे ज्या टेकड्या झाकायची धडपड केली, त्यांचेच नाव शेवटी उद्यानाला दिले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, प्रेसिडिओत, २०२४ साली झर्सीसच्या नात्यातली दुसरी निळी फुलपाखरे आणून मुद्दाम सोडली आहेत. गेलेले परत येत नाही. निदान त्याची जागा रिकामी आहे, हे तरी त्या लोकांना समजले.

आणि आपल्याकडे? गेल्या दिवाळीत मी आणि आक्का गावी गेलो होतो. तिचे गुडघे आता शस्त्रक्रियेने बदलले आहेत, ती सावकाश चालते. वनखात्याने लावलेल्या सुरूच्या बनातून आम्ही समुद्राकडे गेलो. सुरूही बाहेरूनच आलेला, पण त्याची सावली आम्हांला लहानपणापासून आपली वाटते. बनापलीकडे मात्र, जेथे मर्यादवेलीचा पट्टा होता, तेथे पाहुण्यांच्या मोटारी उभ्या राहाव्यात म्हणून कुणीतरी जमीन सपाट करून मुरूम टाकला होता. जांभळे फूल एकही नव्हते. आक्का थोडा वेळ पाहत राहिली. मग मुरूमाच्या अगदी कडेला एक हिरवी फांदी वाळूत पुढे सरकत होती, ती तिने मला दाखवली. कुणाच्या चाकाखाली जाऊ नये म्हणून आम्ही तिच्याभोवती चार दगड मांडून आलो.

तुम्ही सुट्टीत समुद्रावर जाल, बागांत जाल. वाहनावरून जा, पायी जा, कसेही जा. पण गेल्यावर कुणा जुन्या माणसाला एवढे जरूर विचारा, "हे होण्याआधी इथं काय होतं?" आणि पुळणीवर उतरताना पायाखाली हिरवे काही दिसले, तर एक पाऊल बाजूने टाका.